आकाशवाणीची धून आणि एक परका माणूस

तुमच्यापैकी कितीजणांनी पहाटे रेडिओ ऐकलाय? होस्टेलवर पहाट फक्त परीक्षेच्या आदल्या रात्रीच दिसते, म्हणून विचारलं!

माझं लहानपण रेवदंड्याकडे गेलं. आजोबा पहाटे उठून ट्रान्झिस्टर लावायचे. आधी खरखर, मग तंबोरा आणि त्यावर व्हायोलिनचे ते उदास-गोड सूर. आकाशवाणीची धून. बोट समुद्रात न्यायची की नाही हे पुढच्या बातम्या आणि हवामान ऐकून ठरायचं, पण आमच्या घराचा दिवस त्या सुरांनी सुरू व्हायचा. ही चाल कुणीतरी आपल्याच पंडिताने बांधली असणार असं मी समजत होतो. कारण ती शिवरंजनी रागावर आहे.

गेल्या वर्षी कळलं की तिचा कर्ता म्हणून वॉल्टर कौफमन यांचं नाव घेतलं जातं, आणि मी चाटच पडलो.

कौफमन यांचा जन्म १९०७ सालचा, बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा. आज तो भाग चेक प्रजासत्ताकात आहे. घराणं ज्यू. बर्लिनला संगीत शिकले आणि विशीतच ऑपेरात काम करू लागले. ऑपेरा म्हणजे साधारण आपल्या संगीत नाटकासारखा प्रकार, फक्त सगळं गाऊनच, आणि साथीला मोठा वाद्यवृंद. त्या वाद्यवृंदासमोर काठी घेऊन उभा राहतो तो कंडक्टर. (एसटीचा नव्हे!) तो स्वतः एकही सूर वाजवत नाही, पण कुणी कधी, किती जोरात, किती हळू वाजवायचं हे त्याच्या हातावर चालतं. बोटीवर तांडेल असतो ना, तसंच. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग ऑपेरात ब्रूनो वॉल्टर या नामवंत कंडक्टरचे ते सहायक होते.

प्रागला त्यांनी पीएचडीचा प्रबंधही पुरा केला. पण आपले गाईड नाझींच्या युवक संघटनेत पुढारी आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवीच नाकारली. आपण इथे एका सबमिशनच्या सहीसाठी आठवडाभर केबिनबाहेर उभे असतो. हातात आलेली डॉक्टरेट सोडून द्यायला काय लागत असेल, विचार करा.

१९३३ ला हिटलर सत्तेवर आला. १९३४ मध्ये कौफमन मुंबईत उतरले. इथला व्हिसा सहज मिळत होता हे एक कारण. वय तरुण, ओळखी बेताच्या. आपल्या किनाऱ्याला हे काही नवीन नाही म्हणा. कित्येक शतकांपूर्वी नवगावला गलबत फुटून लागलेल्या बेने इस्रायलांना याच मातीने सामावून घेतलं आणि ते इथले शनिवार तेली झाले.

कौफमननी सुरुवातीला आपल्या संगीताच्या रेकॉर्डी ऐकल्या. काही म्हणजे काही कळेना. कानाला नुसतं विचित्र लागलं. ज्याने बर्लिनचा वाद्यवृंद हाताळला, त्याने हे संगीतच टाकाऊ म्हणून सोडून दिलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी उलटा हिशेब केला. एवढ्या लोकांना जे मनापासून आवडतं ते वाईट कसं असेल? म्हणजे खोट आपल्या कानातच आहे. झालं, माणूस शिकायला बसला.

पहिल्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील. आकाशवाणीच्या धूनमधलं व्हायोलिनही त्यांचंच असं सांगतात. १९३७ पासून १९४६ पर्यंत कौफमन मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. त्यांनी रेडिओसाठी 'अनसूया' नावाचा ऑपेरा रचला. सिनेमांना संगीत दिलं, गोंड आणि बैगा आदिवासींची गाणी टिपून घेतली.

१९४६ ला ते भारतातून गेले. पुढे कॅनडातल्या विनिपेग सिम्फनीचे पहिले कंडक्टर झाले. १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथे बसून त्यांनी उत्तर आणि दक्षिण भारतीय रागांवर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले, १९६८ आणि १९७६ साली. ज्या संगीतात सुरुवातीला काही कळलं नव्हतं, त्याच्यावर! १९८४ साली ते तिकडेच वारले.

आता हे सगळं मी का सांगतोय? चौथ्या सेमला सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये माझी केटी लागली. वर्षभर मी मेसमध्ये सांगत फिरलो की विषयच भंगार आहे, पेपर सेट करणारा भंगार आहे. कौफमन वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की खोट माझ्या कानात तर नसेल? मुकाट्याने पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. पेपर सुटला. मार्क विचारू नका, पण फूरिये आता शत्रू वाटत नाही.

आजोबा आता नाहीत. त्यांचा ट्रान्झिस्टर मी होस्टेलवर आणलाय, खरखर जास्त आहे. एखाद्या पहाटे जागे असाल तर रूमवर या. दोघं मिळून ट्यून करू.