डिझेल हे आधी एका माणसाचं आडनाव! रुडॉल्फ डिझेल आणि फ्लायव्हीलची गोष्ट

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं आणि कुटुंबाला लंडन गाठावं लागलं. पुढे म्युनिकमध्ये इंजिनिअरिंग शिकताना, वाफेचं इंजिन बहुतेक उष्णता वाया घालवतं, हे त्यांच्या डोक्यात बसलं.

त्यांची आयडिया अशी: हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल, ठिणगी नकोच. १८९३ मध्ये पेटंट मिळालं. १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या इंजिनाने सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावली.

पण दाब जास्त म्हणजे झटकाही जास्त. तो सावरायला त्या इंजिनाला भलंमोठं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील होतं. आजच्या अनेक डिझेल गाड्यांत हेच चाक दोन भागांचं असतं आणि मध्ये स्प्रिंग असतात. ते महाग पडतं, म्हणून काही जण साधं सॉलिड फ्लायव्हील बसवून घेतात. पैसे वाचतात, पण झटके थेट गिअरबॉक्सकडे जातात. क्लच प्लेटमधल्या स्प्रिंग थोडेफार झटके झेलतात, सगळे नाही. त्यामुळे खडखड आणि कंप वाढू शकतो. मेकॅनिकला हो म्हणण्याआधी हे नक्की विचारा.

डिझेल मात्र कर्जात बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते जहाजावरून बेपत्ता झाले. मृतदेह नंतर समुद्रात सापडला. नेमकं काय घडलं, ते कोडं आजही सुटलेलं नाही.