सार्वजनिक काकांची खादी

खादी म्हटली की आपल्याला गांधीजी आठवतात. पण गांधीजी जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते, तेव्हाच पुण्यातल्या एका वकिलांनी खादी वापरण्याची शपथ घेतली होती. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. त्यांचे चरित्र मी थोडक्यात सांगते.

त्यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यात झाला. पुढे ते पुण्यात वकील झाले. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी १८७० साली त्यांनी पुणे सार्वजनिक सभा काढली. म्हणून सगळे त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनीही १८७१ साली बायकांची सभा सुरू केली.

त्या काळी आपला कापूस विलायतेला जाई आणि तिथल्या गिरण्यांचे कापड आपल्याला विकत घ्यावे लागे. इकडचे विणकर मात्र उपाशी! काकांना हे सहन होईना. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी स्वदेशीची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातीत आणि त्याचेच कपडे घालीत.

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत इंग्रजांचा मोठा दरबार भरला. राजेरजवाडे जरी-रेशमात, हिऱ्यामोत्यांत आले. काका सभेतर्फे गेले, ते जाड्याभरड्या खादीतच! आपण तर गॅदरिंगला साधे कपडे घालायलासुद्धा लाजतो.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. सरकारच्या भीतीने वकील मिळेना. तेव्हा काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. फडक्यांची जन्मठेप टळली नाही, पण काका मागे हटले नाहीत. २५ जुलै १८८० रोजी काका वारले.

काकांच्या वेळी नायलॉन, पॉलिएस्टर नव्हतंच. हे धागे रसायनांपासून बनतात. ते घाम टिपत नाहीत, म्हणून उन्हात अंग चिकचिकतं. चुलीजवळ पेटले तर वितळून कातडीला चिकटतात. सुती कापडही पेट घेतं, तेव्हा चुलीपाशी पदर जपायलाच हवा. पण ते असं वितळून चिकटत नाही. सुती चिंधी मातीत कुजून जाते, पॉलिएस्टरची वर्षानुवर्षं तशीच राहते.

सुती कापड लवकर चुरगळतं आणि वाळायला वेळ लागतो, हे खरं. पण माझी आई ज्या कापसाची बोंडं वेचते, त्याचंच ते असतं. नवे कपडे घेताना मी आधी सुती आहे का, हे विचारणार. तुम्हीही विचारा बरं का!