काचेवर उतरलेली देवयानी

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

इतिहासाच्या वर्गात पहिल्याच वर्षी आम्हांला एक गोष्ट शिकवली जाते. साधन वेगळे आणि त्या साधनाचा लावलेला अर्थ वेगळा. ताम्रपट खोदवून घेणाऱ्या राजाला जे सांगायचे असते ते तो सांगतोच; पण त्याच्या नकळत त्या पत्र्यावर आणखीही पुष्कळ काही उमटून राहते, आणि पुढच्या पिढ्यांना कित्येकदा तेच अधिक मोलाचे वाटते. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. तरीही आयझॅक रॉबर्ट्स या हौशी खगोलनिरीक्षकाचे चरित्र अभ्यासताना हा धडा मला पदोपदी आठवत राहिला. रॉबर्ट्स यांनी १८८८ साली आकाशातल्या एका धूसर ठिपक्याचे छायाचित्र घेतले आणि त्यामुळे त्यांचे नाव अजरामर झाले. ते छायाचित्र नेमके कशाचे आहे, हे मात्र त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

रॉबर्ट्स यांचा जन्म २७ जानेवारी १८२९ रोजी वेल्समधील डेन्बीशायर परगण्यातल्या ग्रोस या खेड्यात झाला. वडील शेतकरी. आयझॅक लहान असतानाच कुटुंब लिव्हरपूलला आले. १८४४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, घरे बांधणाऱ्या एका पेढीत ते उमेदवारीला लागले. तेथेच ते पुढे व्यवस्थापक झाले, आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःचा बांधकामाचा धंदा काढला. लिव्हरपूल बंदर त्या काळी भराभर वाढत होते. धंद्याला बरकत आली. विटा, चुना, लाकूड यांचा हिशेब ठेवणाऱ्या या गृहस्थाला पहिला नाद लागला तो मात्र जमिनीखालच्या गोष्टींचा, म्हणजे भूशास्त्राचा. १८७० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. आकाशाकडे त्यांची नजर वळली ती फार उशिरा. १८७८ मध्ये त्यांनी कुक कंपनीची सात इंची दुर्बीण घेतली, तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. आपल्याकडे या वयात माणसे निवृत्तीचे बेत करू लागतात. रॉबर्ट्स यांनी नव्या विद्येचा श्रीगणेशा केला.

त्या वेळी खगोलशास्त्रापुढे एक मोठी अडचण होती. आकाशात तेजोमेघ म्हणून ओळखले जाणारे असंख्य धुरकट ठिपके दिसत. पण एकाच तेजोमेघाची दोन निरीक्षकांनी काढलेली चित्रे एकमेकांशी जुळत नसत. दोष कुणाचाच नव्हता. माणसाचा डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. पहिल्या क्षणी जे अंधूक दिसते, ते तासभर टक लावून पाहिले तरी अंधूकच राहते. छायाचित्राच्या काचेचे तसे नाही. तळ्यात ओढ्याचे पाणी साठावे तसा तिच्यावर प्रकाशाचा परिणाम साठत जातो. मात्र जुन्या पद्धतीची ओली काच काही मिनिटांतच वाळून निकामी होई. १८७० नंतरच्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि तासन्‌तास प्रकाश घेणे शक्य झाले. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी १८८३ मध्ये त्याहून सरस चित्र काढले. ड्रेपर वैद्यकीचे पदवीधर, तर कॉमन पेशाने अभियंते. वेधशाळेची नोकरी दोघांनाही नव्हती. या नव्या वाटेवर हौशी माणसे पुढे होती, ही गोष्ट मला फार लक्षणीय वाटते.

रॉबर्ट्स १८८२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या मॅघल येथे राहायला गेले. आधी साध्या छायाचित्रणाच्या भिंगांनी त्यांनी प्रयोग केले. मग १८८५ मध्ये डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून वीस इंच व्यासाच्या आरशाची परावर्ती दुर्बीण करवून घेतली. याच कारखान्याची वीस इंची दुर्बीण पुढे आपल्या पुण्यातही होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात उभ्या राहिलेल्या वेधशाळेत प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला तिच्यावर काम करीत. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. रॉबर्ट्स यांचे यंत्र कोणत्या तोलाचे होते, याची कल्पना यावी म्हणून हा उल्लेख केला.

साधारणपणे अशा दुर्बिणीत मोठ्या आरशावरून आलेला प्रकाश आणखी एका लहान आरशाने बाजूला वळवतात. रॉबर्ट्स यांनी तो दुसरा आरसा वगळला आणि काच थेट मोठ्या आरशाच्या केंद्रस्थानी बसवली. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश वाया जातो. तो त्यांना वाचवायचा होता. जुनी सात इंची दुर्बीण त्यांनी त्याच बैठकीवर जोडून घेतली. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला पंधरा अंश सरकते. तेवढ्याच वेगाने दुर्बीण फिरवण्यासाठी घड्याळासारखे यंत्र असे. पण यंत्र कितीही चांगले असले तरी किंचित चुकतेच. म्हणून निरीक्षकाने लहान दुर्बिणीला डोळा लावून एक तारा तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा आणि तो जरा हलला की हाताने दुर्बीण सावरायची, असे तासन्‌तास चाले. थंडीने बोटे बधिर झाली तरी हात काढता येत नसे. शेवटच्या क्षणी धक्का लागला किंवा ढग आले, तर सारी रात्र फुकट. त्यानंतर काळोख्या खोलीत तांबड्या दिव्याच्या उजेडात काच रसायनात बुडवायची. सरकारी अनुदान नाही, वरिष्ठांचा तगादा नाही. हे सारे केवळ आवडीसाठी!

सुरुवातीला रॉबर्ट्स यांच्या मनात साऱ्या उत्तर आकाशाचा छायाचित्रमय नकाशा करायचा होता. १८८७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तेच काम अनेक वेधशाळांनी वाटून घेतले. एकट्या माणसाने त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. रॉबर्ट्स यांनी तो बेत सोडला आणि तारकागुच्छ व तेजोमेघ यांवर लक्ष केंद्रित केले. १८८६ मध्येच त्यांच्या काचेने कृत्तिकांभोवतीचा विरळ मेघ टिपला होता. आता पाळी आली देवयानीची.

शर्मिष्ठा आणि देवयानी ही नावे आपल्याला ययातीच्या कथेतून ठाऊक आहेत. आकाशातही त्या शेजारी शेजारीच आहेत. कार्तिक-मार्गशीर्षातल्या चांदणे नसलेल्या रात्री, गावाबाहेर गेल्यास, शर्मिष्ठा आणि भाद्रपदांचा चौकोन यांच्या दरम्यान नुसत्या डोळ्यांनी एक पुसटसा डाग दिसतो. इराणी ज्योतिषी अल् सूफी यांनी दहाव्या शतकातच त्याची नोंद केली होती. अमेरिकेत जॉर्ज बाँड यांना १८४७ मध्ये मोठ्या दुर्बिणीतून त्यात दोन काळ्या रेषा दिसल्या होत्या. त्या कशाच्या, हे कुणालाच सांगता येत नव्हते. १८८८ च्या ऑक्टोबरात रॉबर्ट्स यांनी या डागाची छायाचित्रे घेतली. २९ डिसेंबर १८८८ रोजी त्यांनी काचेवर चार तास प्रकाश घेतला. काच धुऊन बाहेर आली तेव्हा बाँड यांच्या काळ्या रेषांचा उलगडा झाला. तेजस्वी गाभ्याभोवती वेढे होते, आणि त्या रेषा म्हणजे वेढ्यांमधल्या फटी होत्या. सर्पिल आकाराचे तेजोमेघ लॉर्ड रॉस यांनी १८४५ पासून पाहिले होते. पण देवयानीतला हा मेघ त्याच जातीचा आहे, हे कुणाच्या डोळ्याला कधी दिसले नव्हते.

आणि येथेच या चरित्रातले नाट्य आहे. रॉबर्ट्स यांनी आपल्या छायाचित्राचा अर्थ कसा लावला? लाप्लास यांची एक उपपत्ती त्या काळी सर्वमान्य होती. फिरणारा तप्त वायूचा गोळा आकसत जातो, त्यातून कडी सुटतात आणि त्या कड्यांचे ग्रह बनतात, अशी ती उपपत्ती. रॉबर्ट्स यांना वाटले, आपण नेमके हेच पाहत आहोत. मधला गाभा हा होऊ घातलेला सूर्य, वेढे ही कडी, आणि शेजारचे दोन लहान मेघ हे बनत असलेले ग्रह. जाणकारांनीही माना डोलावल्या. छायाचित्र पाहिले की आजही हा अर्थ किती सहज सुचण्याजोगा होता, ते पटते.

तो अर्थ चुकला होता. १९२३ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत एडविन हबल यांना याच मेघाच्या छायाचित्रात एक रूपविकारी तारा सापडला. त्यावरून अंतर काढता आले, आणि हा मेघ आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे सिद्ध झाले. ती एक स्वतंत्र दीर्घिका आहे. तिच्यात अब्जावधी सूर्य आहेत आणि तिचे अंतर सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे आहे. रॉबर्ट्स यांनी ज्यांना ग्रह मानले, त्याही लहान दीर्घिकाच. एका सूर्याचे घरटे समजून त्यांनी सूर्यांचा महासागर टिपला होता!

पण ही गोष्ट त्यांच्या निधनानंतर एकोणीस वर्षांनी घडायची होती. त्यांच्या हयातीत त्यांना मानच मिळाला. १८९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी ढगाळ लिव्हरपूल सोडून ते इंग्लंडच्या दक्षिणेला क्रोबरो येथील टेकडीवर राहायला गेले. त्या घराला त्यांनी नाव दिले ‘स्टारफील्ड’, म्हणजे ताऱ्यांचे शेत. शेतकऱ्याच्या मुलाला हे नाव सुचावे यात नवल नाही. १८९५ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १८९३ आणि १८९९ मध्ये त्यांच्या छायाचित्रांचे दोन खंड निघाले. १८९२ पासून दुर्बिणीवर रात्री जागवण्याचे काम मुख्यतः त्यांचे साहाय्यक विल्यम फ्रँक्स करीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. पदकावर एकाचेच नाव कोरले जाते; ताऱ्यावर डोळा ठेवणारे कित्येकदा दुसरेच असतात.

उतारवयात एक वाद मात्र झाला. विल्यम हर्शेल यांनी १८११ मध्ये आकाशातले ५२ भाग विस्तृत तेजोमेघांनी व्यापलेले असल्याचे म्हटले होते. रॉबर्ट्स यांनी त्या सर्वांची छायाचित्रे घेतली आणि १९०२ मध्ये जाहीर केले की चारच भागांत मेघ आहेत, उरलेल्यांत काही नाही. अमेरिकेतील बार्नार्ड यांनी हरकत घेतली, कारण त्यांपैकी काही ठिकाणचे मेघ त्यांच्या स्वतःच्या काचांवर उमटले होते. बार्नार्ड यांचे बरोबर होते. काचेवर जे दिसते ते आहे, असे म्हणता येते. जे दिसत नाही ते नाही, असे म्हणता येत नाही. आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही कागदपत्रांच्या बाबतीत हेच बजावले जाते.

१८९६ मध्ये नॉर्वेला खग्रास सूर्यग्रहण पाहायला गेले असता रॉबर्ट्स यांची डोरोथिया क्लुम्पके यांच्याशी ओळख झाली. त्या मूळच्या अमेरिकन. पॅरिसच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या छायाचित्रांच्या मोजमापाचे काम पाहत, आणि सॉर्बोनमधून गणितातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली होती. १९०१ मध्ये दोघांचे लग्न झाले. वर ७२ वर्षांचे, वधू ४० वर्षांच्या. संसार अवघा तीन वर्षांचा ठरला. १७ जुलै १९०४ रोजी रॉबर्ट्स यांचे अकस्मात निधन झाले. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग लिव्हरपूल आणि वेल्समधील महाविद्यालयांत शिष्यवृत्त्यांसाठी गेला. काचांचा संग्रह डोरोथिया यांनी फ्रान्सला नेला आणि पंचवीस वर्षे त्यावर काम केले. १९२९ मध्ये त्यांनी त्या वादग्रस्त ५२ भागांचा छायाचित्रसंग्रह पतीच्या नावाने प्रसिद्ध केला. पतीचा निष्कर्ष त्यांनी हट्टाने जपत बसण्यापेक्षा त्याच्या काचाच जगापुढे ठेवल्या, हे मला त्यांच्या निष्ठेचे सर्वांत सुंदर रूप वाटते.

आज काचेची जागा इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने घेतली आहे. हौशी मंडळी चार तासांचे एकच चित्र घेत नाहीत. काही मिनिटांची शेकडो चित्रे घेतात, संगणकावर एकावर एक नेमकी बसवून त्यांची बेरीज करतात, कॅमेऱ्याने स्वतः निर्माण केलेला खोटा उजेड वजा करतात, आणि मग अंधूक भाग हळूहळू उजळवतात. प्रकाश साठवायचा आणि तारा हलू द्यायचा नाही, हे मूळ तत्त्व रॉबर्ट्स यांचेच. संगणकाने एक नवा मोह मात्र दिला आहे. चित्र इतके सजवता येते की कोणते वेढे आकाशातले आणि कोणते आपल्या हौसेचे, हे पाहणाऱ्याला कळू नये. रॉबर्ट्स यांनी आपल्या ग्रंथांत प्रत्येक छायाचित्रासोबत त्याची तारीख, प्रकाश घेतल्याचा अवधी आणि मोजमापाचे प्रमाण छापले. त्यामुळेच त्यांचे मत बाजूला ठेवूनही त्यांची चित्रे वापरता येतात.

माणसाची मते त्याच्या काळाची असतात; ती कालांतराने गळून पडतात. त्याने प्रामाणिकपणे केलेली नोंद मात्र मागे उरते, आणि ज्यांना अधिक कळते अशांच्या हाती ती कधीतरी पडते. रॉबर्ट्स यांना देवयानी कळली नाही. पण आपल्याला ती कळावी म्हणून त्यांनी डिसेंबरच्या थंडीतले चार तास काचेवर जपून ठेवले. अभ्यासकाने यापेक्षा अधिक काय करावे?