नर्गिस आणि ते न्यूयॉर्कचे महिने

‘मदर इंडिया’ (१९५७) म्हटलं की खांद्यावर नांगर घेतलेली राधा आठवते ना? नर्गिसचा जन्म १९२९ चा, कोलकात्याचा. लहानपणीच ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. १९५८ मध्ये सुनील दत्तशी लग्न झालं आणि तिने संसार मांडला. तीन मुलं, स्पास्टिक मुलांसाठी काम, १९८० मध्ये राज्यसभा. त्याच वर्षी तब्येत बिघडली. आधी कावीळच वाटली, पण निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये उपचार झाले. मध्ये कोमाही. त्या काळी केमोथेरपी म्हणजे उशाशी बादली, आणि उलट्यांना घाबरून उपचारच सोडणारे पेशंट! औषध शरीरात गेलं की आतड्यातून सिरोटोनिन सुटतं आणि मेंदूला उलटीचा निरोप जातो. तो निरोप अडवणारं ऑनडॅन्सेट्रॉन अमेरिकेत यायला १९९१ उजाडलं. दैव बघा, मेटोक्लोप्रामाइडच्या मोठ्या डोसने उलट्या कमी होतात, हे त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छापून आणलं ऑक्टोबर १९८१ मध्ये. नर्गिस ३ मे लाच गेली होती. चारच दिवसांनी मुलाच्या ‘रॉकी’चा प्रीमियर झाला, तेव्हा तिची खुर्ची रिकामी ठेवली होती.

आपल्या बार्शीत तिच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. आता केमोची सलाइन लावण्याआधीच उलटी थांबवणारं औषध देतात. तरी घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ उठू शकते. बायका ती सोसत बसतात, डॉक्टरांना सांगतच नाहीत. गोळी असते हो त्यावरही!