नावातच ज्याच्या रंग होता

शेवगावच्या शिवारातील कपाशीचे एक पान खुडून हाती घ्या. दिसायला ते हिरवेगार. पण त्या हिरव्यात पिवळे रंगही दडलेले असतात. पान पिकले, हिरवा ओसरला, की ते वर येतात. हे रंग पान पिकण्याआधीच वेगळे करून दाखवणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव होते मिखाईल त्स्वेत. गंमत अशी, की रशियन भाषेत त्स्वेत म्हणजेच रंग!

त्यांचा जन्म १८७२ साली इटलीतील आस्ती येथे झाला. वडील रशियन, आई इटालियन. आई लगेचच वारली आणि त्स्वेत वाढले स्वित्झर्लंडमध्ये. जिनिव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १८९६ मध्ये ते वडिलांच्या देशी गेले; पण तेथे परदेशी पदवीला किंमत नव्हती. पुन्हा प्रबंध, पुन्हा पदवी! अखेर तेव्हा रशियाच्या अमलाखाली असलेल्या वॉर्सा शहरात त्यांना काम मिळाले.

तेथेच १९०३ साली त्यांनी आपली पद्धत विद्वानांपुढे मांडली. काचेच्या नळीत खडूसारखी भुकटी ठासायची, वरून पानांचा अर्क सोडायचा आणि मागोमाग द्रावक ओतायचा. जो घटक भुकटीला घट्ट धरून बसतो तो मागे राहतो, सैल धरणारा पुढे सरकतो. नळीत हिरवे-पिवळे पट्टे उमटतात. १९०६ मध्ये त्यांनी या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले.

पण वेगळे झालेले ओळखायचे कसे? त्स्वेत एकेक पट्टा कापून विरघळवीत आणि वर्णपटदर्शकातून पाहत. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशातला ठराविक भाग गिळते. तीच त्याची खूण. हरितद्रव्य एक नसून दोन आहेत, हे त्यांनी असे दाखवून दिले.

बड्या रसायनशास्त्रज्ञांना मात्र हे पटले नाही. भुकटीमुळे मूळ द्रव्येच बदलत असावीत, अशी शंका घेतली गेली. पुढे महायुद्धात वॉर्सा सुटले, वणवण नशिबी आली. १९१९ मध्ये व्होरोनेझ येथे, अवघ्या ४७ व्या वर्षी ते गेले. पद्धतीला खरा मान मिळाला तो १९३१ नंतर, जर्मनीतील हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेतून.

आज औषधांची शुद्धता तपासताना तीच नळी असते. तिच्या टोकाशी अतिनील किरणांचा दिवा असतो. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी रंगहीन द्रव्येही टिपता येतात.

टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्या, पट्टीचे टोक पाण्यात बुडवा. ठिपका मात्र पाण्याच्या वर ठेवा. काळ्यातून रंग चढू लागले, की मुलांना त्स्वेत यांची गोष्ट जरूर सांगा.