प्रोटॉनच्या आत डोकावणारे होमी भाभा

परभणी किंवा सेलूच्या स्थानकावर जाडजूड फाईल आणि एक्स-रेची पिशवी सांभाळत मुंबईच्या गाडीची वाट पाहणारे कुटुंब दिसले, की विचारावे लागत नाही. ते बहुधा ‘टाटा’ला निघालेले असतात. परळचे हे कर्करोग रुग्णालय आरोग्य खात्याकडे नसून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. याचे उत्तर डॉ. होमी भाभा यांच्या आयुष्यात सापडते.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी घरात होमींचा जन्म झाला. त्यांची आत्या मेहेरबाई ही दोराबजी टाटांची पत्नी. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरचा पोलाद कारखाना सांभाळावा, अशी घरच्यांची इच्छा. १९२७ मध्ये होमी त्यासाठी केंब्रिजला गेले, पण मन भौतिकशास्त्रात रमले. आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शीक, अशी अट वडिलांनी घातली. होमींनी १९३० मध्ये ती पूर्ण केली. पुढच्याच वर्षी आत्या रक्ताच्या कर्करोगाने गेली.

केंब्रिजमध्ये भाभांनी एक प्रश्न हाती घेतला. इलेक्ट्रॉन आणि त्याचाच विरुद्ध भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले, तर ते कोणत्या दिशेला किती प्रमाणात विखुरतील? त्यांनी मांडलेले गणित आज जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणून ओळखले जाते. मोठ्या प्रयोगशाळांत या कणांच्या किती टकरी झाल्या, हे मोजायला ते अजूनही वापरतात.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाल्याने ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेव्हा एक कोडे होते. मेसॉन नावाचे कण प्रोटॉन-न्यूट्रॉनवर आदळून जितके विखुरायला हवेत असे सिद्धांत सांगत होता, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते खूपच कमी विखुरताना दिसत. १९४०-४१ च्या सुमारास भाभांनी धाडसी उत्तर सुचवले. प्रोटॉन धक्क्याने उत्तेजित होऊ शकतो आणि अशा अवस्थेत त्याचा विद्युतभार दुप्पटही असू शकतो. वॉल्टर हाइटलर हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले होते. गंमत म्हणजे, वैश्विक किरणांतील ज्या कणांवरून हा तर्क केला, ते मेसॉन नव्हतेच, म्युऑन होते. कोडे चुकीचे निघाले, उत्तर मात्र खरे ठरले.

१९५२ मध्ये शिकागोत एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनवर पायॉनचा मारा केला, तेव्हा दुप्पट भाराच्या त्या अवस्थेची चाहूल लागली. आज तिला ‘डेल्टा’ म्हणतात. ती प्रोटॉनपेक्षा सुमारे ३० टक्के जड असते आणि जवळजवळ जन्मताच विरून जाते.

मग तिच्या आत पाहायचे कसे? डॉक्टर छातीवर बोटाने ठोकून आवाजावरून आत पाणी आहे की हवा, हे ओळखतात. शास्त्रज्ञ प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉनने ‘ठोकतात’ आणि ते किती ऊर्जा गमावून कुठल्या कोनात परततात, ते पाहतात. स्टॅनफर्डला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी याच रीतीने प्रोटॉन हा निव्वळ बिंदू नसून त्याला आकार आहे, हे दाखवले. त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेत डेल्टासारख्या अवस्थांची अशीच तपासणी चालते.

कागदावरचे भाकीत पडताळण्याची यंत्रे भाभांच्या देशात नव्हती. ती विद्या इथेच रुजावी, म्हणून त्यांनी स्वतःचे संशोधन हळूहळू मागे ठेवले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. मुंबईत तिचे काम पेडर रोडवरच्या बंगल्यातून चाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. पुढे तुर्भ्यातून औषधोपचारासाठी किरणोत्सारी समस्थानिके मिळू लागली.

दोराबजींना पत्नीच्या आजारानंतर देशात कर्करोगाचे सुसज्ज रुग्णालय हवे होते. ते स्वतः १९३२ मध्ये गेले; रुग्णालय १९४१ मध्ये परळला उभे राहिले. कर्करोगाच्या उपचारात किरणांचे महत्त्व वाढणार हे ओळखून भाभांनी पुढाकार घेतला आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. आत्याच्या आजारातून उभे राहिलेले रुग्णालय असे भाच्याच्या विज्ञानाशी जोडले गेले.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना माँ ब्लाँ शिखरावर विमान कोसळून भाभांचा मृत्यू झाला. वय अवघे ५६. आज किरणोपचारासाठी ‘लिनॅक’ यंत्राखाली रुग्ण झोपतो, तेव्हा त्या यंत्रातही इलेक्ट्रॉनच वेगाने धावत असतात. ते धातूच्या पत्र्यावर आदळतात आणि त्यातून निघालेले क्ष-किरण गाठीवर सोडले जातात. तिथे प्रोटॉनचा शोध घेतला जात नाही, पण इलेक्ट्रॉनला वेग देण्याची विद्या तीच आहे.