शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर

लंडनजवळील अप्टन गावी ता. ५ एप्रिल १८२७ रोजी जोसेफ लिस्टर यांचा जन्म झाला. घराणे क्वेकर पंथाचे. वडील द्राक्षारसाचे व्यापारी. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्र सुधारून त्यांनी मोठा लौकिक मिळविला होता.

इ. स. १८६१ त ग्लासगो येथील मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेचे काम लिस्टर यांजकडे आले. त्या काळी शस्त्रवैद्य रक्ताने ताठ झालेला जुना कोट घालीत, आणि एका रोग्यावर चालविलेली सुरी केवळ पुसून दुसऱ्यावर चालवीत. जखम कुजली म्हणजे दोष हवेचा! १८६४ व १८६६ या दोन वर्षांत लिस्टर यांनी हातपाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ मरण पावले.

पुढे फ्रान्सातील पाश्चर यांचे लेख त्यांनी वाचले. नासणे हे सूक्ष्म जंतूंचे काम आहे, हे त्यांस पटले. ता. १२ आगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीस हा ११ वर्षांचा मुलगा आला. गाडीचे चाक जाऊन त्याचे हाड मोडले होते व कातडीही फाटली होती. असा पाय बहुधा कापीतच. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली. सहा आठवड्यांनी पाय बरा झाला. हत्यारे व हातही ते त्याच पाण्यात बुडवू लागले. १८६७ ते १८६९ पर्यंत ४० जणांपैकी ६ च दगावले.

मात्र कार्बोलिकाने हातांची कातडी जळे, आणि त्याने सर्वच जंतू मरत नसत. फ्रान्सात शांबेरलां यांनी १८७९ त दाबलेल्या वाफेचे भांडे बनविले. त्यात वाफ पाण्याच्या उकळीहून अधिक, म्हणजे १२१ अंशांपर्यंत तापते, आणि चिवट जंतूही सुमारे १५ मिनिटांत मरतात. पण हत्यार आधी घासून धुतलेले असावे, व चिमट्याचे सांधे उघडे असावे. सुकलेल्या रक्ताच्या पापुद्र्याआड जंतू लपतात; तेथे वाफ पोहोचत नाही. घाईच्या दवाखान्यात वेळ वाचविण्यासाठी धुणेच टाळतात, आणि मग सगळे काम पुन्हा करावे लागते. लाकडी व हस्तिदंती मुठीही उष्णतेने बिघडत. म्हणून हत्यारे सबंध धातूची झाली.

लिस्टर हवेत कार्बोलिकाचा फवारा उडवीत असत. तो अनावश्यक ठरला, तेव्हा १८९० त बर्लिन येथील परिषदेत त्यांनी ते उघडपणे सांगितले. सन्मान पुष्कळ मिळाले. १८९७ त ते लॉर्ड झाले. त्यांची टिपणे लिहून देणारी पत्नी अॅग्नेस १८९३ त वारली होती. ता. १० फेब्रुवारी १९१२ रोजी लिस्टर मरण पावले. वेस्टमिन्स्टर अॅबीत प्रार्थना झाली. परंतु त्यांची कबर हॅम्पस्टेड येथे पत्नीशेजारी आहे.